पांडवलेणीची शिलालेख-फेरी : पैसे वसूल, फक्त पाणी घरून न्या

नाशिकच्या पांडवलेणीला नुसते फोटो काढायला जाणार असाल, तर या फेरीचे पैसे भरू नका. इथे सगळा भर भिंतीवरच्या अक्षरांवर आहे. माझी नोकरी पतसंस्थेत लेजर लिहिण्यात गेली, त्यामुळे मी तर खूश झालो. आमची ही मात्र तिसऱ्या लेण्यापर्यंत कंटाळली होती, तेही सांगून टाकतो.

फेरी घेणारे सर इतिहास शिकवायचे. ‘धर्म आणि राजसत्ता’ असा जड विषय त्यांनी व्याख्यान न देता हिशेबातून उलगडला. सुरुवात दहाव्या लेण्यापासून. नहपान या शक क्षत्रपाचा (सुभेदार-राजाचा) जावई उषवदात याने, लेखातल्या कालगणनेच्या 42व्या वर्षी, हे लेणं बौद्ध भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत 3000 कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) ठेवही. पैसे ठेवले कुठे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. 2000 दरमहा शेकडा एक दराने, 1000 दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण. मी तिथेच आकडेमोड केली: 2000 वर वर्षाचं व्याज 240, आणि वीस बारे 240. एक पैसा इकडचा तिकडे नाही! वर हे सगळं निगमसभेत (नगराच्या सभेत) वाचून दाखवून नोंदवून घेतलं होतं. आमच्या ऑडिटरला हा माणूस आवडला असता.

हाच उषवदात ब्राह्मणांना गावं आणि तीन लाख गायी दिल्याचंही कोरून ठेवतो. मग श्रद्धा नेमकी कुणावर? सरांचं म्हणणं असं, की शकांसारख्या बाहेरून आलेल्या सत्तेला इथली मान्यता हवी होती आणि दान हा त्याचा सरळ रस्ता होता. शिवाय लेणी सोपारा-कल्याणकडून घाटावर येणाऱ्या व्यापारी वाटांच्या आसपास. तिथे वावरणाऱ्या व्यापाऱ्यांत आणि श्रेणींत संघाचा शब्द चालायचा. मला हे पटलं, तरी दानामागे थोडी भक्तीही असेलच की.

खरी मजा तिसऱ्या लेण्यात. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, पाडाव केला आणि आपल्या राज्याच्या 18व्या वर्षी अमात्य विष्णुपालिताला हुकूम धाडला: उषवदाताकडे असलेलं 200 निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत त्रिरश्मी, म्हणजे लेण्यांच्याच, डोंगरावरच्या भिक्षूंना द्या. शिपाई-अंमलदारांनी त्या जमिनीत पाऊल ठेवायचं नाही, तिथे मिठासाठी खणायचं नाही. दाता बदलला, पण दान घेणारे तेच डोंगरावरचे भिक्षू. सहा वर्षांनी दुसरा हुकूम आला. ते शेत कुणी कसत नाही, गावही वसलेलं नाही, म्हणून नगराच्या हद्दीतल्या राजाच्या जमिनीतून 100 निवर्तनं द्यावीत. दोनशेची शंभर कशी झाली, हे मी विचारलं. सर हसले आणि म्हणाले, जमीन शहराजवळची मिळाली ना! उत्तर काही समाधानकारक नव्हतं.

त्याच लेण्याच्या व्हरांड्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या राज्याच्या 19व्या वर्षाचा. मुलाला ती ‘एकबम्हण’ (एकमेव ब्राह्मण) म्हणते, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा म्हणते, आणि लेणं देते भद्रायणीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना. ब्राह्मी अक्षरांवर तिरपी बॅटरी मारून सरांनी ही ओळ शब्दशब्द वाचून घेतली. एवढ्यासाठी मी परत पैसे भरीन.

आता तक्रारी. एका गटात माणसं फार घेतात, मागच्यांना काही ऐकू जात नाही. माहितीपत्रकाचा टाइप इतका बारीक की चष्मा लावूनही वाचवेना. अठराव्या लेण्याला, म्हणजे स्तूप असलेल्या चैत्यगृहाला (प्रार्थनागृहाला), जेमतेम दहा मिनिटं मिळाली, हे अगदीच कमी. पाणी ‘मिळेल’ असं नोंदणीच्या वेळी सांगितलं होतं, मिळालं नाही. पायऱ्या भरपूर आहेत, गुडघे दुखत असतील तर उन्हाच्या आत चढून घ्या.

पाचापैकी चार देतो. गट लहान केला तर पाचवाही देईन. लहान मुलांना नेऊ नका, कॉलेजच्या पोरांना जरूर न्या.