खोबरेल तेल की एमसीटी ऑइल, पैसे नक्की कशाचे मोजताय?

परवा मावसभावाचा फोन, जिममध्ये कोणीतरी त्याला सांगितलंय की सकाळच्या कॉफीत एमसीटी ऑइल घाल, आणि बाटलीची किंमत बघून पठ्ठ्या विचारतो, "ताई, मालवणहून घाण्याचं खोबरेल येतंच की आपल्याकडे, तेच घातलं तर काय बिघडलं, शेवटी हे पण नारळाचंच ना?" प्रश्न अगदी रास्त आहे कारण एमसीटी ऑइल (मीडियम चेन ट्रायग्लिसराइड, म्हणजे मध्यम लांबीच्या साखळीचं तेल) खरंच खोबरेल तेलापासून किंवा पाम कर्नल तेलापासून काढतात. पण काढताना जे मागे ठेवतात तोच खोबरेलाचा निम्मा भाग असतो, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

मुळात झाड फॅटी ॲसिड (तेल ज्यांचं बनतं त्या कार्बनच्या साखळ्या) कसं बनवतं बघा. दोन-दोन कार्बन जोडत साखळी वाढवायची, माळेत मणी ओवल्यासारखं, आणि मग एक एन्झाइम येऊन ती साखळी कापतं, त्याला थायोएस्टरेज म्हणतात, आपण कात्री म्हणू. शेंगदाणा, सूर्यफूल, मोहरी यांच्यात ही कात्री १६-१८ कार्बन झाल्यावरच चालते. नारळाच्या खोबऱ्यात मात्र ती घाईची आहे, १२ झाले की कच. म्हणून खोबरेल तेलात १२ कार्बनवालं लॉरिक ॲसिड ४५ ते ५३ टक्के, आणि ८ आणि १० वाले (सी-८, सी-१०) प्रत्येकी साधारण ५ ते १० टक्केच. सगळा खेळ त्या कात्रीचाच आहे हे कसं कळलं, तर कॅलिफोर्नियात बे लॉरेल नावाचं झाड आहे, त्याची १२ वर कापणारी कात्री शास्त्रज्ञांनी मोहरीच्या भाऊबंदातल्या कॅनोलात घातली, आणि ज्या तेलात लॉरिक जवळपास नसतंच त्यात ते ४० टक्क्यांच्या आसपास यायला लागलं. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली.

प्राण्यांमध्येही हे चालतं, दूध बनवताना. शेळीच्या दुधात ६, ८, १० कार्बनवाले जास्त असतात, म्हणून त्यांची कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही नावंच शेळीच्या लॅटिन नावावरून पडलीत, आणि शेळीच्या दुधाला तो जो वास येतो त्यात यांचाही हात आहे. तुपात हे सगळे अगदी थोडे, त्यामुळे "तूप म्हणजे पण एमसीटीच" असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

आता पोटात गेल्यावर काय होतं, कारण निर्णय खरा इथे होतो. सी-८ आणि सी-१० ना पचायला पित्ताची फारशी गरज नाही, आतड्यातून ते थेट लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तात शिरतात. लिव्हरमध्ये मायटोकाँड्रियात (पेशीतल्या भट्टीत) शिरायला लांब फॅटी ॲसिडला कार्निटिनचा गेटपास लागतो, यांना तिथे तो लागत नाही, आत जाऊन लगेच जळतात आणि जास्त झालं तर त्याचे कीटोन (साखरेऐवजी शरीराला चालणारं इंधन) बनतात. लांबवाल्यांचं उलट, त्यांचं आतड्यात पुन्हा पॅकिंग होतं, लिम्फच्या (रक्तवाहिन्यांबाहेर वाहणाऱ्या पातळ द्रवाच्या) नळ्यांतून वरवर फिरत ते मानेजवळ रक्तात मिसळतात. म्हणजे एक एक्सप्रेस आणि एक पॅसेंजर.

आणि लॉरिक? पुस्तकात ६ ते १२ कार्बन म्हणजे मीडियम चेन, त्यामुळे कागदोपत्री ते एक्सप्रेसवालं, पण बराच भाग पॅसेंजरनेच जातो. एक तर ते लांबीने सीमेवरचं, त्यात तेलाच्या कणात ग्लिसरॉल नावाच्या दांडीला तीन साखळ्या लागलेल्या असतात आणि नारळ लॉरिक मधल्या जागेवर आवर्जून बसवतो, आणि आपलं लायपेज (तेल पचवणारं एन्झाइम) कडेचे दोन कापतं पण मधलं तसंच ठेवतं, मग ते आतड्यात पुन्हा पॅक होऊन लिम्फमध्ये जातं. म्हणून "खोबरेल तेलात ६० टक्के एमसीटी" हे वाक्य चूक नाही, पण तुम्हाला त्यातून जे हवंय, म्हणजे पटकन जळणारं सी-८ आणि सी-१०, ते फारसं मिळत नाही. हिशोब करा, १५ ग्रॅम खोबरेलात सी-८ आणि सी-१० मिळून जेमतेम २ ग्रॅम, एमसीटी ऑइलमध्ये जवळपास सगळंच तेच.

मग एमसीटीच घ्यावं का? वजनासाठी विचाराल तर माझा उत्साह कमी आहे. २०१५ मध्ये १३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा नेहमीच्या तेलाच्या जागी एमसीटी घेतल्याने सरासरी अर्धा किलोच फरक दिसला, आणि "जागी" हा शब्द महत्त्वाचा, वरून नाही. ग्रॅमला ९ ऐवजी ८.३ कॅलरी, म्हणजे फुकट काहीच नाही. ज्यांचं पित्त नीट येत नाही, ज्यांच्या छातीत लिम्फ साचतो, किंवा फिट्स येणारी जी मुलं कीटोजेनिक (कीटोन बनतील असा भरपूर फॅटचा) आहारावर आहेत (एमसीटीवाला आहार १९७१ पासून आहे), त्यांच्यासाठी मात्र हे खरंच औषधासारखं आहे, पण डॉक्टर आणि डाएटिशियनच्या देखरेखीखाली. आणि ज्यांच्यात मीडियम साखळी जाळणारं एमसीएडी एन्झाइम जन्मतःच कमी असतं त्यांना हे अजिबात द्यायचं नाही. लिव्हर सिरॉसिस असेल किंवा डायबिटीसमध्ये कीटोॲसिडोसिसचा (रक्तात कीटोन धोकादायक वाढण्याचा) धोका असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्वयंपाकात एमसीटी बिनकामाचं, वास नाही, चव नाही, आणि लवकर धूर सोडतं म्हणून फोडणी नाही. बांगड्याच्या तिखल्याला खोबरेलच पाहिजे, तिथे मी ऐकणार नाही. पण खोबरेल आरोग्याचं टॉनिक आहे असंही नाही, २०२० च्या एकत्रित अभ्यासात सूर्यफूल, ऑलिव्ह वगैरे तेलांच्या तुलनेत त्याने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) सुमारे १० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढलेलं दिसलं, त्यामुळे घरात कोलेस्टेरॉलचा त्रास असेल तर रोज सगळं त्यातच नको.

एक स्वानुभव, मी एकदा उपाशीपोटी दोन मोठे चमचे एमसीटी घेतलं आणि सकाळची मीटिंग बाथरूममधूनच ऐकली. घ्यायचंच असेल तर छोट्या चमच्याने, खाण्याबरोबर, आठवडाभर हळूहळू वाढवत.

भावाला मी सांगितलं, कॉफीत खोबरेल घाल, चव आवडली तर मजेसाठी, कीटोनसाठी नाही. एमसीटी घेणार असशील तर लेबलवर सी-८ आणि सी-१० किती ते बघ, आणि लॉरिकचा आकडा मोठा दिसला तर बाटली परत ठेव, कारण ते तर घरी डब्यात आहेच. पुण्याच्या थंडीत बघायची एक साधी खूण पण आहे, खोबरेल २४-२५ डिग्रीच्या खाली गोठतं, एमसीटी पातळच राहतं.