पाण्यावरची बचत आणि माझा उजवा पाय

आधीच सांगतो, मला कोणी बळजबरीने फसवलं नाही. बॉनेट मी स्वतः उघडलं आणि वायरीही स्वतःच्या हाताने जोडल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी घेतलं ते ‘हायड्रोजन किट’. स्टीलच्या पट्ट्या बसवलेली पाण्याची बरणी, एक रिले (विजेवर चालणारा स्विच), थोडी नळी आणि ‘सेन्सर ॲडजस्टर’ नावाची काळी डबी. बॅटरीच्या विजेने पाण्याचा वायू करायचा, तो एअर फिल्टरच्या पुढे इंजिनात सोडायचा आणि ॲव्हरेज ३० टक्क्यांनी वाढलेलं बघायचं, असा दावा. बरणीत बुडबुडे खरोखर येतात हो! तिथेच माणूस गळाला लागतो.

किटसोबत एक कागद होता. त्यात जोडणीच्या आधी करायची कामं होती: टायरमधली हवा तपासा, एअर फिल्टर बदला, ताशी ८० च्या वर जाऊ नका, ॲक्सिलेटर हळू दाबा. मला वाटलं, किती प्रामाणिक माणूस! पहिल्याच टाकीला ॲव्हरेज १६.२ वरून १८.४ वर गेलं. मी खूश. विक्रेत्याने अभिप्राय मागितला तेव्हा आकड्यांसकट चार ओळी लिहून दिल्या, वर मीटरचा फोटोही.

पैसे परत मिळण्याची मुदत ३० दिवसांची होती, पण ‘इंजिनच्या कॉम्प्युटरला सवय व्हायला २००० किलोमीटर लागतात’ असंही बजावलं होतं. माझी गाडी तेवढी धावायला दोन महिने लागतात. हे गणित तेव्हा मांडलं असतं तर पुढचं मांडायची वेळ आली नसती.

ते पुढचं गणित असं. किट १४ व्होल्टवर १५ ॲम्पियर घेतं, म्हणजे २१० वॉट. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, मिळालेल्या शक्तीपैकी निम्म्याच्या आसपासचीच वीज करतो, म्हणून इंजिनाला त्यासाठी जवळपास ४०० वॉट मोजावे लागतात. बरणीतही काही ऊर्जा पाणी तापवण्यात जाते, वायूत फार तर १४० वॉट उरतात. इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा भागच चाकांकडे पाठवतं. म्हणजे ४०० देऊन ३५ परत घ्यायचे! ‘वायू पेट्रोलला नीट जाळतो’ हा युक्तिवाद उरतो, पण बरणी मिनिटाला जेमतेम लिटरभर वायू देते आणि १.२ लिटरचं इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला काहीशे लिटर हवा ओढतं. शिवाय आजच्या धड इंजिनात न जळता बाहेर पडणारं पेट्रोल मुळात फारच थोडं असतं.

खरं नुकसान मात्र काळ्या डबीने केलं. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो, मिश्रणात पेट्रोल जास्त आहे की कमी. ही डबी त्या सिग्नलमध्ये थोडं व्होल्टेज मिसळते, म्हणजे सेन्सर खोटंच ‘पेट्रोल जास्त झालं’ म्हणतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल कापतो. विक्रेत्याने मला गंडवलं आणि मी गाडीला. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडलं तसं चढावर इंजिन धक्के खाऊ लागलं. मग चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला आणि मी आठवडाभर तशीच चालवली (हा मूर्खपणा सर्वस्वी माझा). मिसफायरमुळे, म्हणजे इंजिनात मिश्रण नीट न पेटल्यामुळे, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन तिथे पेटत होतं. आतली जाळी वितळून बसली. मेकॅनिकने डबी बघितली आणि काही न बोलता फक्त वॉरंटीचे कागद मागितले. बदललेल्या वायरिंगमुळे ती वॉरंटीही गेलीच होती. नव्या कन्व्हर्टरच्या पैशांत माझं कित्येक महिन्यांचं पेट्रोल आलं असतं.

किट काढल्यावर मी टाकी फुल ते टाकी फुल असं पाच वेळा मोजलं, शक्यतो एकाच पंपावर. एका टाकीवर भरवसा नको, नोझल कधी लवकर कट होतं, कधी उशिरा. टायरची हवा, वेग, पायाची सवय, सगळं त्या कागदाप्रमाणेच ठेवलं. सरासरी आली १८.३. बरणीशिवाय.

नंतर वाचलं की अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, १९७० च्या दशकापासून अशी शंभरावर उपकरणं तपासली आहेत आणि बहुतेकांचा काहीच उपयोग दिसला नाही. इंधननळीला लावायचे चुंबकही त्यातलेच. ओबीडी पोर्टला (मेकॅनिक गाडीचा कॉम्प्युटर तपासतो त्या सॉकेटला) खोचायचे स्वस्त ‘चिप’ लोकांनी उघडून पाहिले, तर आत लुकलुकणारे दिवे आणि जवळपास दुसरं काही नाही.

विक्रेत्याला कळवलं तर पहिला प्रश्न आला, “पाणी डिस्टिल्डच वापरलंत ना?” त्यानंतर नंबर ब्लॉक. माझा अभिप्राय काढून टाका म्हणून दुसऱ्या नंबरावरून तीनदा लिहिलं. काल पाहिलं, मीटरच्या फोटोसकट तो अजून त्याच्या जाहिरातीत सगळ्यात वर आहे.