अडीच फुटी भिंती, साण्यातून गेलेली वायर आणि दुसरा ॲक्सेस पॉइंट : दहा महिन्यांनंतर

आमचं घर अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीत. पुढं ढाळज, म्हणजे दाराजवळची बैठकीची जागा, मध्ये माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या दोन खोल्या आणि मागं परसात नंतर बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. इंटरनेटचं फायबर कनेक्शन ढाळजेत येतं, मुख्य राऊटर तिथंच. प्लॅन १५० एमबीपीएसचा. ढाळजेत मोजलं तर १४० च्या पुढं, मागच्या खोलीत सहा-सात, तेही मधलं दार उघडं असेल तर. मधल्या भिंती अडीच फूट जाड, दगड-मातीच्या. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यातून कसाबसा निघतो, ५ गिगाहर्ट्झचा पहिल्याच भिंतीत संपतो.

मागच्या खोलीत मुलीचा नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेचा अभ्यास चालायचा. क्लास लातूरचा, पण ऑनलाइन. "पप्पा, सरांचा आवाज येतोय पण फळा दिसंना," हे रोज संध्याकाळी ऐकून जीव खाली-वर व्हायचा. तिनं ढाळजेत येऊन बसावं तर तिथं येणं-जाणं, आईच्या मैत्रिणी, रस्त्याचा गोंगाट.

आधी मी प्लगात बसणारा रिपीटर आणला, म्हणजे आलेला सिग्नल पुढं फेकणारा डबा, १,३०० रुपयांचा. ते पैसे वाया गेले. तो फक्त २.४ वर चालणारा होता. ज्या रेडिओवर ऐकायचं त्याच रेडिओवर पुढं सांगायचं, म्हणून वेग तिथंच निम्मा होतो. शिवाय रिपीटर जिथं ठेवायचा तिथं मुळात चांगला सिग्नल हवा. आमच्याकडं चांगला सिग्नल भिंतीच्या अलीकडं आणि गरज पलीकडं. मधल्या खोलीत ठेवून मागं १५ ते २० मिळायचे, पण दर थोड्या वेळानं तुटायचं. दुकानदारानं मग मेश सुचवलं, म्हणजे एकमेकांशी जोडलेले वाय-फायचे डबे. मेश वाईट नाही, पण त्याचे दोन डबेही हवेतूनच बोलणार असतील तर मधली भिंत तीच राहते. म्हणून वायर टाकायचं ठरवलं.

आईची एकच अट होती : "बाबा, भिंतीला भोक पाडायचं नाही." ती अट पथ्यावरच पडली. माळवदाला उजेडासाठी साणं, म्हणजे छतातला झरोका असतो, त्यातून वायर वर काढली, माळवदावरून परसाकडं नेली आणि मागच्या खोलीच्या खिडकीतून आत घेतली. एकूण २२ मीटर. इथरनेटला, म्हणजे नेटवर्कच्या वायरला, १०० मीटरपर्यंत अडचण नसते. वायर कॅट-६, बाहेर वापरायची, काळ्या जाड आवरणाची, आणि शुद्ध तांब्याची घेतली. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर निम्म्या भावात मिळते. ती वाकवली की आत तुटू शकते आणि बाहेरून काही कळत नाही. उंदरांसाठी पूर्ण वायर पीव्हीसी नळीतून नेली. साण्याजवळ नळीला खाली झोल दिलाय, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जातं, घरात येत नाही.

दुसरा डबा म्हणजे साधा दोन बँडचा राऊटर, गिगाबिट (१,००० एमबीपीएस) पोर्टवाला, २,४०० रुपयांचा. दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये लावला. पहिल्या आठवड्यात माझी एक चूक झाली. त्याला राऊटर म्हणूनच चालू ठेवलं. नेट आलं, वेगही आला, पण घरात दोन वेगळी नेटवर्क झाली. मागच्या खोलीतून ढाळजेतल्या प्रिंटरवर काही छापेना. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' निवडल्यावर ते सुटलं. त्यात डबा स्वतःचं नेटवर्क न करता मुख्य राऊटरचंच नेटवर्क वाय-फायवर देतो. ज्यांच्या जुन्या राऊटरमध्ये हा मोड नाही त्यांनी डीएचसीपी (फोन-कॉम्प्युटरना पत्ते वाटणारी सोय) बंद करायचं, डब्याचा नेटवर्कमधला पत्ता बदलून मुख्य राऊटरपेक्षा वेगळा ठेवायचा, म्हणजे मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि वायर वॅनमध्ये (इंटरनेट आत घेणाऱ्या पोर्टात) न लावता लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात लावायची. मोड बदलल्यावर त्याचं सेटिंगचं पान जुन्या पत्त्यावर उघडलं नाही तर घाबरू नका, नवा पत्ता मुख्य राऊटरच्या यादीत दिसतो.

दुसरी गोष्ट सापडायला महिना गेला. मागं वेग कायम ९४ वर अडकलेला, कधी ९५ नाही की ९३ नाही. मेहुणा आला तेव्हा त्यानं आकडा बघूनच सांगितलं, "दाजी, एक तार लागली नसंल." शंभर एमबीपीएसच्या जोडणीला वायरीतल्या आठपैकी चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक जरी सुटली तरी दोन्ही डबे निमूटपणे शंभरावर उतरतात. त्यानं टोक कापून आरजे-४५, म्हणजे टोकाचा प्लग, पुन्हा दाबून बसवला आणि १४० आले. असा एकाच जागी थांबलेला आकडा दिसला तर कंपनीला फोन लावण्याआधी टोकं बघा.

दोन्हीकडं वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवलाय. दोन्ही डब्यांचे सिग्नल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून २.४ ला पुढं चॅनल १, मागं ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झला पुढं ३६, मागं १४९. पण एवढं करूनही चालत जाताना फोन पटकन बदलत नाही. कुठला सिग्नल धरायचा हे फोन ठरवतो, राऊटर नाही. बरेच फोन सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास घसरेपर्यंत जुनाच धरून ठेवतात. पुढच्या डब्याची २.४ ची ताकद 'मध्यम' केल्यावर बराच फरक पडला. तरी ढाळजेतून परसात जाताना व्हॉट्सॲप कॉल एक-दोन सेकंद गप्प होतो.

उन्हाळ्यात दोन अडचणी आल्या. लाइट गेली की पुढचा डबा इन्व्हर्टरवर चालायचा आणि मागचा बंद पडायचा, तोही नेमका क्लासच्या वेळेला. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस (बॅटरीचा डबा) लावला तेव्हा ते थांबलं. दुसरी अडचण कूलरची. खिडकीत पत्र्याचा, पाण्यानं भरलेला कूलर बसवला आणि डबा त्याच्या मागं गेला. पत्रा आणि पाणी दोन्ही सिग्नलला वाईट. डबा समोरच्या भिंतीवर सात फुटांवर नेला. ४ मे २०२५ ला नीटची परीक्षा झाली, तोवर शेवटच्या दोन महिन्यांत एकही तास तुटला नाही. माझ्यासाठी सगळा खर्च तिथंच वसूल झाला.

नुकसान झालं ते त्यानंतर. मे महिन्यातच अवकाळीत जवळपास वीज पडली आणि मागच्या डब्याचं वायरचं पोर्ट गेलं. डबा वाचला, दुसऱ्या पोर्टात वायर लावून चालू झाला. दोष डब्याचा नाही. माळवदावरून उघड्यावर तांब्याची वायर नेली तर विजेचा दाब तिच्यात उतरणारच. आपल्याकडं वळवाच्या पावसात विजा किती पडतात हे माहीत असूनही मी त्याचा विचार केला नव्हता. तेव्हापासून ढग गडगडले की दोन्ही टोकं काढून ठेवतो. घरी कुणी नसेल तर ते जमत नाही.

आज परत करायचं झालं तर घराबाहेरून जाणारा भाग फायबरचाच टाकीन. काचेतून वीज जात नाही. दोन टोकांना फायबर आणि साधी वायर जोडून देणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लागतील, खर्च थोडा वाढेल. पुढच्या उन्हाळ्याआधी ते करायचं आहे. साण्यातली नळी तशीच ठेवलीय, फायबर तिच्यातूनच जाईल.