आरपीसाठी ईआरजी, ओसीटी आणि जीन टेस्ट: टेस्टिंगला ५ पैकी ५, बाहेरच्या औषधाच्या काउंटरला शून्य

धाकट्या भावाला आरपी आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी रातांधळेपणा येतो आणि मग बाजूचं दिसणं हळूहळू आक्रसत जातं, तेच ते. पुण्यातल्या एका रेटिना क्लिनिकमध्ये त्याच्या सगळ्या टेस्ट करून घेतल्या. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारपण आहे, पण ज्यांच्या घरात आरपी आहे त्यांना कुठल्याही सेंटरला जाताना हे कामाला येईल.

ईआरजी, म्हणजे उजेड पडल्यावर डोळ्याचा पडदा (रेटिना) विजेचा किती सिग्नल देतो ती टेस्ट, इथे नीट करतात. थेंब टाकून बाहुल्या मोठ्या करतात आणि मग पूर्ण अंधारात किमान २० मिनिटं बसवतात, ती २० मिनिटं कापली तर टेस्ट करून उपयोग नाही कारण पडद्यातल्या रॉड पेशींना (अंधुक उजेडात बघणाऱ्या) अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. टेक्निशियन पोरगा या बाबतीत भलताच कडक, भावाने टाइम बघायला मोबाईल काढला तर मोबाईल बाहेर माझ्या हातात आणून दिला आणि २० मिनिटं परत पहिल्यापासून! मला तिथेच बरं वाटलं. मग डोळ्याला लागून एक बारीक धाग्यासारखा इलेक्ट्रोड ठेवतात, हनुवटी टेकवून एका पांढऱ्या गोलात बघायचं आणि फ्लॅश पडत राहतात. दुखत नाही, डोळा चुरचुरतो आणि पाणी येतं एवढंच. भावाची अंधारातली लाईन जवळपास सपाट आली, उजेडातली बऱ्यापैकी शिल्लक आहे, म्हणजे रॉड गेल्यात जमा पण कोन पेशी (दिवसाउजेडी आणि रंग बघणाऱ्या) अजून तग धरून आहेत. ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) आणि फील्ड (बाजूचं किती दिसतं ती टेस्ट) यांबद्दल वेगळं काही नाही, कुठेही होतात तशा.

खरे पैसे वसूल झाले ते जीन काउन्सेलर मॅडमकडे. रिपोर्टमध्ये पीडीई६बी नावाच्या जीनमध्ये दोष निघाला. मॅडमनी कागदावर रॉडचं चित्र काढून समजावलं की ही पेशी अंधारात चालू असते आणि उजेड पडला की बंद होते, मला आयुष्यभर उलटंच वाटत होतं. अंधारात पेशीत सीजीएमपी नावाचा रेणू भरपूर असतो, तो पेशीचे चॅनेल, म्हणजे बारीक दारं, उघडे धरून ठेवतो आणि सोडियम, कॅल्शियम आत येत राहतं, नळ सोडून ठेवल्यासारखं. उजेड ऱ्होडॉप्सिन या उजेड टिपणाऱ्या प्रोटीनवर पडला की ते ट्रान्सड्युसिन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला जागं करतं, ते पीडीई६ एन्झाइमला, आणि ते एन्झाइम सीजीएमपी तोडून टाकतं की नळ बंद, तोच पुढे सिग्नल. भावाच्या ज्या जीनमध्ये दोष आहे तो याच एन्झाइमचा, म्हणजे हे एन्झाइमच धड नाही, त्यामुळे सीजीएमपी साचत जातो, कॅल्शियम आत शिरतच राहतं आणि शेवटी पेशी मरते.

भावाने विचारलं, हा जीन तर रॉडचा आहे मग दिवसाचं दिसणं का जाणार? चांगला प्रश्न होता आणि मॅडमनी टाळला नाही. रॉड एक प्रोटीन सोडतात, पॅरिसच्या टीमने २००४ मध्ये त्याच्यावर पेपर काढला होता, ते प्रोटीन कोनला ग्लुकोज आत घ्यायला मदत करतं, रॉड मेले की ती रसद तुटते. नवीन रॉड का उगवत नाहीत तेपण विचारलं त्याने. झेब्राफिशच्या पडद्यातल्या म्युलर नावाच्या आधार देणाऱ्या पेशी परत विभागून नवीन रॉड बनवतात, आपल्यात गर्भात असताना जे बनलं तेच जन्मभर. आणि ते अमेरिकेतलं जीन थेरपीचं इंजेक्शन, लक्सटर्ना, डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेलं, सुरुवातीची किंमत एका डोळ्याला सव्वाचार लाख डॉलर, ते फक्त आरपीई६५ जीनच्या पेशंटसाठी आहे, पीडीई६बीला लागू नाही. हे जीन टेस्टशिवाय कळलंच नसतं आणि आम्ही उगाच नातेवाईकांनी पाठवलेल्या व्हिडिओंवर आशा लावून बसलो असतो.

आई ही बाबांच्या मामाची मुलगी, म्हणजे लग्न नात्यातलं, हे सांगताना तिचा चेहरा पडला. मॅडमनी एका वाक्याने तिला सावरलं, म्हणाल्या काकू, दोघंही कॅरिअर असतील, म्हणजे स्वतःला आजार नाही पण जीनची एक प्रत सदोष, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची चारात एक शक्यता, यात कुणाचा दोष नसतो. मी धडधाकट आहे तरी माझी कॅरिअर असण्याची शक्यता तीनात दोन, आणि माझं लग्न ठरतंय, त्यामुळे माझंपण सॅम्पल लगेच दिलं.

आता तक्रार. बाहेर पडताना औषधाच्या काउंटरवर न मागता 'रेटिना'च्या कॅप्सूल बिलात लावल्या होत्या. स्ट्रिप उलटी करून वाचली तर ल्युटिन, झिंक आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई. असला फॉर्म्युला वयामुळे मॅक्युला (पडद्याचा मधला भाग) झिजणाऱ्यांसाठी तपासला गेलाय, २०१३ मध्ये त्याचे रिझल्ट आले, आरपीसाठी नाही. उलट १९९३ च्या आरपीवरच्या अमेरिकन स्टडीत ४०० युनिट ई घेणाऱ्यांची ईआरजी जास्त वेगाने घसरली होती! परत आत गेलो, डॉक्टरांनी स्ट्रिप बघितली आणि काही न बोलता बिलावर काट मारली, पैसे परत मिळाले. पण मी वाचलं म्हणून, शेजारी बसलेल्या आजोबांनी तीच पिशवी गुपचूप घेतली.

डॉक्टरांनी जाताजाता भावाला हेपण सांगितलं की पुढेमागे व्हायग्रा टाळायची, ते औषध पडद्यातल्या याच पीडीई६ एन्झाइमलाही थोडं दाबतं. आईसमोर सांगितलं. भाऊ लालेलाल, आई भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली.

जाणार असाल तर जीन टेस्टचा खर्च आधी लेखी घ्या, काउन्सेलिंग त्यात धरलंय का ते विचारा आणि रिपोर्टची पूर्ण पीडीएफ मागून घ्या, एका पानाचा सारांश देतात त्यावर भागवू नका. थेंबांमुळे बराच वेळ जवळचं वाचता येत नाही आणि ऊन सहन होत नाही, तेव्हा गॉगल आणि गाडी चालवणारं कुणीतरी सोबत हवंच.