एकदाच वापरायचे सर्जिकल ड्रेप: ठाण्यातल्या ओटीतला वापरानंतरचा अनुभव

घोडबंदर रस्त्यावरच्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात मी शस्त्रक्रियागृहाची (ओटीची) इनचार्ज सिस्टर म्हणून काम पाहते. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही हिरव्या सुती कापडाच्या जोडीला एकदाच वापरून टाकून द्यायचे ड्रेपचे, म्हणजे शस्त्रक्रियेच्या जागेभोवती रुग्णावर पसरायच्या निर्जंतुक आच्छादनांचे, संच घेऊ लागलो. तिन्ही ऋतूंत ते वापरून माझे मत असे झाले आहे की, जिथे पाणी, रक्त किंवा गर्भजल वाहणार असते तिथे या संचांचे पैसे वसूल होतात. कोरड्या आणि लहान शस्त्रक्रियांना मात्र नीट राखलेले सुती कापड अजूनही पुरते.

सुती कापडाची खरी अडचण ते भिजल्यावर सुरू होते. कोरडे असताना ते बऱ्यापैकी आडोसा करते, पण ओले झाले की धाग्यांमधून ओलावा आरपार जातो आणि त्याबरोबर खालच्या, निर्जंतुक नसलेल्या बाजूचे जंतूही वर येतात. बेक आणि कोलेट या दोन संशोधकांनी 1952 मध्येच हा धोका दाखवून दिला होता. नव्या संचांचे कापड विणलेले नसते. पॉलिप्रॉपिलीनच्या दोन थरांमध्ये अतिशय बारीक तंतूंचा तिसरा थर दाबलेला असतो, आणि करोनाकाळात मास्कमुळे ज्याची एवढी चर्चा झाली तो थर हाच. युरोपच्या ईएन 13795 या मानकानुसार, शस्त्रक्रियेच्या जागेजवळच्या भागाने साध्या दर्जात किमान 30 सेंटिमीटर आणि उच्च दर्जात किमान 100 सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब अडवावा लागतो. खरेदी करताना पुरवठादाराकडे दर्जा कोणता हे विचारावे, कारण ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावरून त्यातले काहीच कळत नाही.

ठाण्याच्या पावसात मला याचा सर्वांत मोठा उपयोग झाला. जुलैत धुलाईचे कपडे वाळता वाळत नाहीत, आणि दमट कापड ड्रममध्ये दाबून भरले की ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) गठ्ठे ओलसरच बाहेर येतात. उष्णतेने रंग बदलणाऱ्या इंडिकेटर टेपवर रेघा उमटल्या असल्या तरी ओलसर गठ्ठा निर्जंतुक धरता येत नाही. तो पुन्हा लावावा लागतो आणि तोवर यादीतला पुढचा रुग्ण ताटकळतो. बंद पाकिटातले संच हाताशी आल्यापासून ही धावपळ जवळजवळ संपली. अर्थात पाकीटही कोरड्या कपाटातच ठेवावे लागते, आणि उघडण्यापूर्वी शिवण, मुदत आणि निर्जंतुक करणाऱ्या इथिलीन ऑक्साइड वायूच्या खुणेचा रंग हे तिन्ही पाहावेच लागते.

सिझेरियनच्या संचातली द्रव साठवणारी पिशवी ही मला त्यातली सर्वांत उपयुक्त गोष्ट वाटली. गर्भजल आता टेबलाखाली, सर्जनच्या बुटांवर वाहत नाही. रक्तस्रावाचा अंदाज पिशवीतून थेट घेता येतो, मात्र त्यात गर्भजल मिसळलेले असते हे ध्यानात ठेवावे लागते. प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत धुण्याचे पाणी लिटरच्या हिशेबाने वाहते. तिथे सुती कापडाकडे आम्ही आता वळूनही पाहत नाही.

तक्रारी आहेत, आणि त्यातली पहिली चिकट पट्टीची. त्वचेवर औषध ओले असेल तर पट्टी धरत नाही आणि मध्येच सुटते. एकदा टाकलेला ड्रेप छेदाच्या दिशेने सरकवायचा नसतो, कारण त्याबरोबर बाहेरची अस्वच्छता आत येते. सुटला तर वरून नवा टाकायचा. म्हणून अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावल्यावर केस नसलेल्या त्वचेवर निदान तीन मिनिटे थांबणे आम्ही पक्के केले. त्यामागे दुसरेही कारण आहे: ड्रेपखाली अडकलेली अल्कोहोलची वाफ कॉटरीच्या (विजेने रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाच्या) ठिणगीने पेटू शकते. घाईतल्या सर्जनना ही तीन मिनिटे फार मोठी वाटतात, आणि ती पाळायला लावणे हे माझ्याच वाट्याला येते. वयस्कर रुग्णांच्या पातळ त्वचेवरून पट्टी काढताना दुसऱ्या हाताने त्वचा दाबून धरावी लागते, नाहीतर साल निघते. कापड जागेवर अडकवून ठेवणाऱ्या टॉवेल क्लिपची जुनी सवयही सोडावी लागली, कारण क्लिपने भोक पडले की त्या जागेचा अडसर संपला.

त्वचेवर चिकटवायच्या पारदर्शक फिल्मचा आग्रह पुरवठादाराने बराच धरला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत जखमेचा संसर्ग टाळण्यासाठी ती वापरू नये असे सुचवले आहे, जंतुनाशक असो वा साधी. त्याच सूचनांत निर्जंतुक ड्रेप एकदाच वापरायचे असोत वा धुऊन वापरायचे सुती, दोन्ही चालतील असेही म्हटले आहे, त्यामुळे सुती कापड वापरणाऱ्या लहान रुग्णालयांनी उगाच अपराधी वाटून घेऊ नये.

कचरा मात्र खरोखर वाढला. रक्ताने माखलेले ड्रेप आमच्याकडे बारकोडच्या पिवळ्या पिशवीत जातात, आणि सिझेरियन जास्त असलेल्या दिवशी मावशींना पिशव्या दोनदा बदलाव्या लागतात. खर्चाचा हिशेब करताना आम्ही धुलाई, वीज आणि फाटलेले कापड हेही धरले, तरीही हर्निया किंवा गाठ काढण्यासारख्या कामांना संच महागच पडला.

म्हणून सिझेरियन, दुर्बिणीच्या आणि मोठ्या पोटाच्या शस्त्रक्रियांना संच, बाकीच्यांना सुती कापड, अशी वाटणी ठरली आहे. जून ते सप्टेंबर संचांची मागणी वाढवून ठेवतो. पुढच्या खेपेला पुरवठादाराकडून मोठी चिकट कडा आणि जरा लांब बाजूचे ड्रेप मागवले आहेत, कारण आत्ताचे बाजूचे ड्रेप आमच्या रुंद टेबलाला अपुरे पडतात.