जीआरआय ११, आयएफआरएस एस२, इपिका की ओजीएमपी २.०? तेल-वायू उत्पादकाने काय निवडावं

तेल आणि नैसर्गिक वायू काढणाऱ्या कंपनीत शाश्वतता अहवालाचं काम ज्याच्याकडे येतं, त्याला आधी चौकट, म्हणजे अहवालात काय आणि कसं सांगायचं याची नियमावली, निवडावी लागते. जीआरआय या अहवालाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं तेल-वायू मानक घ्यायचं, की गुंतवणूकदार मागतात ते आयएफआरएस एस२ हे हवामानाचं मानक? सॅस्बी या दुसऱ्या मानकसंस्थेने ठरवलेले उद्योगनिहाय आकडे वेगळे द्यायचे का? इपिका या तेल-वायू उद्योगाच्या संस्थेचं मार्गदर्शन पुरेल का? आणि मिथेनसाठी संयुक्त राष्ट्रांच्या ओजीएमपी २.० मध्ये सामील व्हायचं का? हा निर्णय घाईत घेऊ नये. एकदा मोजण्याची पद्धत ठरली की मागच्या वर्षाशी तुलना टिकवण्यासाठी तीच पुढे न्यावी लागते, आणि मध्येच बदलली तर जुने आकडे नव्याने मांडावे लागतात.

माझं मत आधीच मांडतो. यातल्या बहुतेक चौकटी कुणाला काय सांगायचं ते ठरवतात. प्रत्यक्ष विहिरीवर काय मोजायचं आणि किती खोलात जाऊन मोजायचं, हे फक्त ओजीएमपी २.० ठरवते. उत्पादकाने पैसा आणि माणसं आधी तिथे लावावीत, मग बाकीच्यांचा विचार करावा.

जीआरआयचं मूळच तेलगळतीत आहे. १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळलं आणि त्यातलं तेल समुद्रात पसरलं. त्यानंतर गुंतवणूकदार आणि पर्यावरण संस्थांनी मिळून सेरेस ही संस्था उभी केली, आणि तिच्याच पुढाकारातून १९९७ मध्ये बोस्टनमध्ये जीआरआय सुरू झाली. म्हणून तिचा प्रश्न आजही तोच आहे: तुमच्या कामामुळे माणसांवर आणि निसर्गावर काय परिणाम होतो? ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने पहिलं उद्योगनिहाय मानक काढलं, ते तेल-वायू क्षेत्रासाठीच. जीआरआय ११ असं त्याचं नाव, आणि ते १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे.

त्यात २२ विषय आहेत. हवामान, हवा, पाणी, जैवविविधता यांच्याबरोबर मूलनिवासींचे हक्क, जमिनीचे हक्क, सुरक्षा दलांचा वापर, सरकारांना दिलेले पैसे, भ्रष्टाचार आणि धोरणांवर टाकलेला प्रभावही येतो. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती गाळलेल्या विषयांचा नियम. मानकानुसार अहवाल दिल्याचा दावा करायचा असेल तर २२ पैकी जो विषय तुम्हाला लागू नाही असं वाटतं, तो का लागू नाही हे अनुक्रमणिकेत लिहावं लागतं. गप्प राहून विषय टाळता येत नाही. विहिरी बंद करणं आणि जमीन पूर्ववत करणं हा विषयही इथे नीट विचारला आहे: कोणत्या ठिकाणांसाठी बंद करण्याचा आराखडा आहे, कोणती बंद झाली, कोणती बांधकामं जागेवरच सोडली आणि का, आणि या सगळ्यासाठी एकूण किती रकमेची तरतूद केली आहे. तेलक्षेत्राच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला कंपनी निघून गेल्यावर आपल्या वाट्याला काय उरणार हे कळायचं असेल, तर उत्तर याच पानांवर मिळतं.

जीआरआयची कमतरता अशी, की तिच्यातला बराच भाग वर्णनाचा आहे. दोन कंपन्यांचे अहवाल समोर ठेवून कोण बरं हे ठरवणं कठीण जातं. ‘संदर्भासह’ अहवाल देण्याची सैल वाटही तिथे आहे, आणि त्या वाटेने गेलेल्या अहवालात सोयीचे मुद्दे तेवढेच निवडता येतात. वाचकाने आधी कंपनीचं हे विधान तपासावं: ‘मानकानुसार’ की ‘संदर्भासह’.

सॅस्बी आणि आयएफआरएस एस२ यांचा विचार एकत्रच करावा लागतो. सॅस्बी २०११ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, २०१८ मध्ये तिने ७७ उद्योगांची मानकं काढली, आणि २०२२ मध्ये ती आयएफआरएस फाउंडेशन या आर्थिक लेखा मानकांच्या जागतिक संस्थेत विलीन झाली. त्याच फाउंडेशनच्या आयएसएसबी मंडळाने जून २०२३ मध्ये एस१ आणि एस२ ही मानकं काढली. एस२ हवामानाचं मानक आहे. सॅस्बीचे उद्योगनिहाय आकडे त्याच्या सोबतच्या मार्गदर्शनात आले आहेत. हवामानविषयक जोखीम जाहीर करण्याच्या टीसीएफडीच्या शिफारशीही एस२ मध्ये सामावल्या आहेत आणि ते कार्यदल २०२३ मध्ये विसर्जित झालं. त्यामुळे आता नव्याने ‘टीसीएफडी अहवाल’ सुरू करण्यात अर्थ नाही.

इथला प्रश्न उलट्या दिशेचा आहे: हवामान, कायदे आणि मागणी बदलली तर कंपनीच्या पैशावर काय परिणाम होईल? सॅस्बीने तेल-वायू उद्योगाचे चार भाग केले आहेत: शोध व उत्पादन, वाहतूक व साठवण, शुद्धीकरण व विक्री, आणि सेवा. उत्पादकाने पहिला घ्यायचा. त्यातले आकडे नेमके आहेत. स्कोप १ उत्सर्जन (कंपनीच्या स्वतःच्या कामातून थेट होणारं) किती, त्यात मिथेन किती टक्के, आणि तेच उत्सर्जन उगमानुसार: फ्लेअर (नको असलेला वायू जाळणारी ज्योत), इतर ज्वलन, प्रक्रिया, मुद्दाम सोडलेला वायू आणि गळती. तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्यापैकी किती बाहेर सोडलं, किती पुन्हा जमिनीत दाबलं, किती परत वापरलं. सिद्ध आणि संभाव्य साठ्यांपैकी किती टक्के साठे संघर्षग्रस्त किंवा संरक्षित क्षेत्रांत वा त्यांच्या जवळ आहेत.

सर्वांत टोकदार दोन प्रश्न साठ्यांचे आहेत: सिद्ध साठे जाळले तर किती कार्बन डायऑक्साइड निघेल, आणि कार्बनला किंमत लागली तर साठ्यांचं प्रमाण किती बदलेल. जीआरआय ११ नेही साठ्यांचा प्रश्न घेतला आहे, पण गुंतवणूकदाराला हिशेबात बसवता येईल अशा रूपात तो सॅस्बीतच सापडतो. कर्ज देणारी बँक किंवा शेअर धरणारा फंड हाच आकडा आधी शोधणार.

एस२ ची मर्यादा तिच्या हेतूतच आहे. ज्या गावाचं पाणी बिघडलं त्याचा कंपनीच्या रोख प्रवाहावर परिणाम होणार नसेल, तर ते सांगण्याची सक्ती या चौकटीत येत नाही. म्हणून फक्त एस२ देऊन ‘आमचा शाश्वतता अहवाल पूर्ण झाला’ म्हणणं मला पटत नाही. स्कोप ३, म्हणजे पुरवठादार आणि ग्राहकांकडे होणारं उत्सर्जन, मात्र ती सोडत नाही. पहिल्या वर्षी सवलत आहे, नंतर महत्त्वाचं असेल तर द्यायचं. तेल-वायू उत्पादकासाठी ते महत्त्वाचं नाही असं म्हणायला जागाच नाही, कारण विकलेलं इंधन ग्राहक जाळतो तेव्हाचं उत्सर्जन हा एकूण उत्सर्जनाचा बहुतांश भाग असतो.

इपिका ही उद्योगाची स्वतःची संस्था, १९७४ ची. एपीआय आणि आयओजीपी या उद्योगाच्याच इतर संघटनांसोबत ती अहवालासाठी मार्गदर्शन काढते. पहिली आवृत्ती २००५ ची, चौथी २०२० ची. कामाच्या टेबलावर ठेवायला हे उत्तम पुस्तक आहे: प्रत्येक निर्देशांकाचा मूळ भाग कोणता, वाढीव भाग कोणता, व्याख्या काय. पण ते मानक नाही. पाळलं नाही तरी कुणी विचारत नाही. लहान उत्पादकाने सुरुवातीला आधार म्हणून घ्यावं, दावा म्हणून छापू नये.

आता ओजीएमपी २.०. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये सुरू केलेली ही फक्त मिथेनची चौकट. पाच पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर कंपनी एका देशातल्या किंवा एका मालमत्तेतल्या सगळ्या उत्सर्जनाचा एकच आकडा देते. तिसऱ्या पातळीपर्यंत उगमांचे प्रकार वेगळे होतात, पण आकडे ठरावीक गुणकांवरूनच (प्रत्येक यंत्रामागे सरासरी इतकं उत्सर्जन, असं धरून) काढलेले असतात. चौथ्या पातळीवर प्रत्यक्ष मोजणीवर आधारलेला, उगमनिहाय हिशेब लागतो. पाचव्या पातळीवर विमान, ड्रोन, उपग्रह किंवा तत्सम साधनांनी संपूर्ण ठिकाणाचं उत्सर्जन मोजून ते उगमांच्या बेरजेशी ताडून पाहायचं. स्वतः चालवत असलेल्या मालमत्तांसाठी तीन वर्षं आणि दुसऱ्या कुणी चालवलेल्या मालमत्तांसाठी पाच वर्षं, या वरच्या पातळ्या गाठण्यासाठी अशी मुदत आहे, आणि त्या वाटेवरच्या कंपनीला ‘सुवर्ण दर्जा’ मिळतो.

एवढा खटाटोप का, हे फ्लेअरच्या उदाहरणातून कळतं. फ्लेअरमध्ये गेलेल्या मिथेनपैकी ९८ टक्के जळतो असं गृहीत धरण्याची जुनी रीत आहे. २०२२ मध्ये सायन्स नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या तीन मोठ्या तेलक्षेत्रांवर विमानातून मोजणी झाली, आणि विझलेले फ्लेअर धरून परिणामकारक प्रमाण सुमारे ९१ टक्के निघालं. म्हणजे फ्लेअरकडे गेलेल्या प्रत्येक १०० टन मिथेनपैकी २ टन निसटतो असं कागदावर, आणि प्रत्यक्षात ९ टनांच्या आसपास. चौपटीहून जास्त फरक. गुणकांवर काढलेला आकडा जीआरआयच्या रकान्यात भरला काय किंवा एस२ च्या, तो तितकाच चुकीचा राहतो.

त्यातही वर्षांचा हिशेब आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविज्ञान मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार जीवाश्म मिथेनची तापवण्याची शक्ती १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २९.८ पट, तर २० वर्षांच्या हिशेबात ८२.५ पट आहे. १०,००० टन मिथेन म्हणजे एका हिशेबाने २.९८ लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबर, दुसऱ्याने ८.२५ लाख टन. एस२ आणि जीआरआय दोन्ही १०० वर्षांचा हिशेब धरतात, आणि तुलनेसाठी तो ठीक आहे. पण मिथेनचे टन वेगळे छापलेच पाहिजेत. समतुल्य बेरजेत मिसळून टाकलेला मिथेन वाचकाला परत वेगळा करता येत नाही, आणि पुढच्या काही दशकांत सर्वांत लवकर कमी करता येण्याजोगं उत्सर्जन तेच आहे.

चौकटीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे हद्द, म्हणजे कोणत्या मालमत्तांचं उत्सर्जन आपलं धरायचं. समजा, एका तेलक्षेत्रात तुमचा ४० टक्के हिस्सा आहे, चालवते दुसरी कंपनी, आणि तिथून वर्षाला ५ लाख टन उत्सर्जन होतं. संचालन नियंत्रणाची हद्द (जी मालमत्ता आपण चालवतो तीच आपली) धरली तर तुमच्या स्कोप १ मध्ये त्याचं शून्य. हिस्स्यानुसार हद्द धरली तर २ लाख टन. दोन्ही पद्धती जीएचजी प्रोटोकॉलला, म्हणजे उत्सर्जन मोजण्याच्या सर्वमान्य नियमावलीला, मान्य आहेत. याच कारणाने दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी हद्द पाहावी. एस२ मध्ये एकत्रित हिशेबातल्या समूहाचं (मूळ कंपनी आणि उपकंपन्या) आणि इतर गुंतवणुकींचं उत्सर्जन वेगळं दाखवावं लागतं, ही तिची मोठी जमेची बाजू. ओजीएमपी तर दुसऱ्याने चालवलेल्या मालमत्ताही मोजायला लावते. मी उत्पादकाला दोन्ही हद्दींचे आकडे छापायला सांगेन. हीच गोष्ट विकलेल्या मालमत्तांची. क्षेत्र विकलं की अहवालातलं उत्सर्जन घटतं, पण विहीर चालूच राहते. घट नेमकी कशातून आली, विक्रीतून की दुरुस्तीतून, हे वेगळं लिहायला हवं. ही ओळ ज्या अहवालात नाही त्यावर विश्वास ठेवणं अवघड आहे.

युरोपीय संघाचा कायदा लागू होत असेल तर निवड फारशी तुमच्या हातात राहत नाही. तिथली ईएसआरएस ही शाश्वतता अहवालाची मानकं दोन्ही दिशांचा प्रश्न विचारतात: तुमचा जगावर परिणाम आणि जगाचा तुमच्या पैशावर. पण २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने या कायद्याची व्याप्ती कमी करण्याचा आणि उद्योगनिहाय मानकं न काढण्याचा प्रस्ताव मांडला. तेल-वायूसाठी तिथून वेगळं मानक येईल म्हणून थांबू नये. २०२४ चं मिथेन नियमन मात्र नजरेत ठेवावं. त्यात आयात होणाऱ्या तेल-वायूच्या मोजणीच्याही अटी आहेत आणि ओजीएमपी २.० च्या पाचव्या पातळीचा आधार घेतलेला आहे. युरोपला माल विकणाऱ्या उत्पादकासाठी ओजीएमपी हा विक्रीचाही प्रश्न आहे.

मग निवड कशी करायची? शेअर बाजारात नोंद असलेली किंवा मोठं कर्ज घेणारी कंपनी असेल तर एस२ आणि सॅस्बीचं शोध-उत्पादन मानक हा पाया, आणि आकडे वार्षिक आर्थिक अहवालासोबतच, त्याच कालावधीचे. वस्तीजवळ, मूलनिवासींच्या जमिनीवर, जंगलात किंवा किनाऱ्यालगत काम असेल तर जीआरआय ११ टाळू नये, मग गुंतवणूकदार ती मागोत वा न मागोत. पूर्णपणे सरकारी मालकीच्या उत्पादकाला शेअरधारकांचा दबाव नसतो, पण त्याचा खरा मालक जनता असते. त्याने जीआरआय ११ पासूनच सुरुवात करावी आणि सरकारांना दिलेल्या पैशांचा भाग प्रकल्पनिहाय द्यावा. दोन-चार विहिरींच्या छोट्या उत्पादकाने इपिकाचं मार्गदर्शन हाताशी ठेवून सॅस्बीचे मोजके आकडे द्यावेत आणि उरलेला पैसा गळती शोधण्याच्या कॅमेऱ्यांवर व दुरुस्तीवर घालावा.

दोन्ही मोठ्या चौकटी एकदम घेणं वाटतं तितकं दुप्पट काम नाही. प्रक्रिया-सुरक्षेच्या सर्वांत गंभीर घटनांचं (टियर १, उदाहरणार्थ मोठी गळती) वर्गीकरण दोन्हीकडे एकच आहे. सांडलेल्या तेलाची संख्या, प्रमाण आणि परत मिळवलेलं तेल दोन्हीकडे लागतं. त्याखेरीज सॅस्बी आर्क्टिक आणि संवेदनशील किनाऱ्यांचा हिशेब मागते, जीआरआय मोठ्या गळतीचं कारण विचारते. एकच नोंदवही नीट ठेवली तर दोन्ही रकाने त्यातून भरतात.

पहिल्या वर्षाचा क्रम मी असा लावेन: आधी मालमत्तांची यादी, त्यात हिस्सा आणि चालवणारी कंपनी, मग सगळ्यांत जास्त उत्सर्जनाच्या ठिकाणी मिथेनची प्रत्यक्ष मोजणी, मग सॅस्बीचे आकडे, आणि त्यानंतर जीआरआय ११ चे विषय, तेही त्या भागातल्या लोकांशी बोलून ठरवलेले. बाहेरच्या तपासनिसाकडून हमी घ्यायची तर सुरुवात स्कोप १ आणि मिथेनपासून. जिथे आकडा मोजलेला आहे तिथे ‘मोजलेला’ आणि जिथे अंदाज आहे तिथे ‘अंदाज’, असं प्रत्येक तक्त्यात लिहावं. पुढच्या वर्षी मोजणी सुधारली आणि उत्सर्जन वाढलेलं दिसलं, तर या एका रकान्यामुळे वाचकाला वाढीचं खरं कारण कळतं, आणि संचालक मंडळाला घाबरून जुन्या गुणकांकडे परतावं लागत नाही.