इस्रायलवरील व्याख्यानासाठी मुत्सद्दी बोलवावा की बेने इस्रायली वक्ता?

महाविद्यालयाने मुंबईतील इस्रायली वाणिज्य दूतावासाच्या अधिकाऱ्याला बोलावल्यास १९९२ साली प्रस्थापित झालेले पूर्ण राजनैतिक संबंध, संरक्षण आणि शेती यांतील सहकार्याची नेमकी माहिती मिळते. मात्र इस्रायलने व्यापलेल्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातील इस्रायली वसाहतींविषयी त्याच्याकडून सरकारी भूमिकेपलीकडचे उत्तर अपेक्षित धरता येत नाही.

कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी भाषक ज्यू समाजाच्या कुटुंबातील वक्ता मला अधिक मोलाचा वाटतो. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा हा नैवेद्याचा विधी करणारा हा समाज दिमोना, बीरशेवा, लोद या शहरांत स्थिरावला, तेथे त्याने मराठी जपली आणि ‘मायबोली’ हे नियतकालिकही चालवले. विवाहाच्या संदर्भात तेथील धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, तेव्हा त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले आणि अखेर १९६४ साली सरकारने त्यांना सर्व बाबतींत ज्यू म्हणून मान्यता दिली; धर्म, राज्य आणि वंश यांची तेथील गुंतागुंत विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत इतक्या जवळून समजावणारा दुसरा वक्ता मिळणे कठीण आहे.

पॅलेस्टिनी प्रश्न आणि लोकसंख्येत सुमारे एक पंचमांश असलेले अरब नागरिक यांच्याविषयी मात्र या दोघांपैकी कोणा एकावर विसंबू नये. त्यासाठी पश्चिम आशियाचा स्वतंत्र अभ्यासक बोलवावा.